हातचा

वालपराइसोच्या चौथ्या धक्क्यावर मी मोजणीदार.
एकोणीस वर्षं. काय चढलं, काय उतरलं,
ते पेन्सिलीनं लिहायचं.
पेन देत नाहीत. कंपनीला खाडाखोड खपत नाही,
खोडलेलं खपतं.

आज संपाचा दहावा दिवस.
क्रेना माना वर करून उभ्या,
धक्क्यावर समुद्रसिंह लोळतायत, त्यांना कुणी हटकत नाही.
मोजायला काही नाही, म्हणून हे मोजतोय.

भांडण अर्ध्या तासाचं.
जेवायचा अर्धा तास, जो पगारात धरत नाहीत.
कंपनीचा वकील टीव्हीवर म्हणाला,
अर्ध्या तासापायी अख्खं शहर वेठीला?
त्याच्यामागे खिडकी होती, खिडकीत समुद्र,
आमचाच,
पण विसाव्या मजल्यावरून त्याला डिझेलचा वास येत नसावा.

यार्डात एकशे बारा कंटेनर चेरी.
चीनला निघालेली, तिकडच्या नव्या वर्षाआधी पोचायची.
दाणा अठ्ठावीस मिलिमीटर, देठ हिरवा.
त्याहून बारीक आमच्या बाजारात येतो,
फुटका आमच्या घरात.

सहाव्या दिवशी पोलीस आले, चेरीच्या राखणीला.
ढालींच्या दोन रांगा, आणि ती पाण्याची गाडी,
जिला इथे ग्वानाको म्हणतात,
डोंगरातल्या त्या थुंकणाऱ्या, उंटाच्या भाऊबंदावरून.
थुंकली.
त्या पाण्यात काय कालवतात कोण जाणे, अंग रात्रभर चुरचुरतं.
उबेरलिंडाची माशाच्या तळणीची गाडी उलटली, कढई गडगडत फाटकापर्यंत गेली.
ती ना संपात, ना कंपनीत.
तिचा अर्धा तास आमच्या मागण्यांतही नाही.
हे लिहून ठेवतो.

रांगेत डावीकडून तिसरा, निबाल्दोचा धाकटा.
काचेआडूनही ओळखला, कान बापाचे आहेत.
कॉर्दियेरा टेकडीच्या पायऱ्यांवर त्याला मी बेरीज शिकवलेली:
सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक.
हातचा ठेवायचा कुठे, काका?
मुठीत. विसरायचा नाही.
त्या मुठीत आता दंडुका.
निबाल्दो माझ्या शेजारीच होता, बुटाची नाडी बांधत.
बराच वेळ बांधत होता.

आठव्या रात्री यार्डाची वीज गेली.
कंपनी म्हणते तोडली, आम्ही म्हणतो गेली.
उकाडा डिसेंबरचा. आधी गोड वास सुटला, मग दारूसारखा,
टेकडीची लिफ्ट बंद, तर पायऱ्यांनी चढला,
दारं ठोठावत, पत्र्यांच्या घराघरांत.
आणि माणसं उतरली. बादल्या, उशांचे अभ्रे,
एकाने तर लेकराची टोपी आणलेली.
सील कुणी तोडलं, मी पाहिलं नाही.
मोजणीदार आहे. विचारलं तेवढंच मोजतो.

पहाटे चौदा जण पकडले.
उबेरलिंडा, वय एकसष्ट. मुद्देमाल: बादली एक, चेरी अकरा किलो.
दुपारी विम्याचा माणूस आला सान्तियागोहून,
नाकाला रुमाल, हातात पेन.
एकशे बारा कंटेनर बाद, असं लिहिलं, सही ठोकली,
पुरायला ट्रक मागवले.
बाद मालातले अकरा किलो वजा केले की नाही,
विचारायचं राहून गेलं.

आज उजाडता घरी चढत होतो.
वळणावर, जिथं खडूनं आकडे गिरवायचो,
निबाल्दोचा धाकटा बसलेला, हेल्मेट मांडीवर.
उजवी बोटं लालभडक.
पोटात धस्स झालं,
मग वास आला, आणि जीव भांड्यात पडला.
मला पाहून त्यानं मूठ मिटली.
मी काही बोललो नाही. तोही नाही.
तोंड फिरवून त्यानं बी थुंकली,
ती टणटण पायऱ्या उतरत गेली,
एक, दोन, पाच, नऊ,
सवय आहे, मोजत राहिलो.
तेराव्या पायरीनंतर दिसेनाशी झाली.
तेरा मांडले.