दुसरा हात

घरकुलातला कोबा फुटला तेव्हा
त्यावर व्हिनाइल अंथरलं,
रेल्वेच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं,
लिलावातलं, किलोवर घेतलेलं.
तेव्हा तपकिरी चौकटी होत्या त्यावर.
आता दारापासून मोरीपर्यंत पांढुरकी वाट
आणि खिडकीखाली एक गोल,
सासूबाई सूप घेऊन बसायच्या तिथं.
रोजच्या हजार विड्या.
बसून बसून आरशासारखा झालेला.

नवं घ्यायचं तर सात हजार.
रंगाचा डबा नऊशेला, प्रायमर वेगळा.
साखर पेठेतल्या दुकानदारानं हिशेब करून दिला,
वर म्हणाला, टिकायचं नाही बघा.
शेजारच्या इरम्मा दारात येऊन,
"काय करालाव? जमीन कुठं रंगवत्यात का?"
"सासऱ्याचं नावच पेंटप्पा,
मग काय करू," मी म्हटलं.
आतून मामंजी खोकले. हसले असावेत.

धुण्याच्या सोड्यानं तीनदा घासलं.
जुनं मेण निघालं, तंबाखूचा भुगा निघाला,
एक टिकली.
मग पॉलिश पेपर मारला.
चमक मारल्याशिवाय रंग धरत नाही.
त्या गोलावर मात्र
माझा हात हलका पडला.

एप्रिलमध्ये दुपारी रोलरवरच वाळतो रंग,
म्हणून पहाटे चारला,
पाचव्या दिवसाचं पाणी यायच्या आत,
भिंतीकडून दाराकडे
उकिडवं सरकत, मागं मागं,
पातळ,
अगदी ताकासारखा पातळ
पहिला हात.
दुसऱ्या पहाटे दुसरा.

मामंजी उंबऱ्यात बसून बघायचे.
चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं
जकार्डचे पत्ते पाडले त्यांनी.
भोक म्हणजे धागा वर, कोरं म्हणजे खाली.
कारखाना मोडीत निघाला तेव्हा
कुणी मोटार नेली, कुणी पत्रे,
हे पत्त्यांची एक माळ गळ्यात घालून
बसमध्ये चढले.

रंग वाळल्यावर म्हणाले, "मोर काढू."
दारापाशी पत्ता दाबून धरला,
स्पंज पिवळ्यात बुडवून टिपला.
पत्ता उचलला तर
नुसते ठिपके.
पुढचा पत्ता. पुन्हा ठिपके.

"मोर कुठाय?" धाकटीनं विचारलं.
"एका पत्त्यात एकच धागा गं.
मोराला बाराशे लागायचे."
"मग हा मोराचा कुठला भाग?"

पत्ता उजेडात धरून
भोकांवरून बोट फिरवत राहिले,
कुणाचं तरी नाव आठवावं तसं.
"पाय उमटायच्या आधीची," म्हणाले,
"नुसती जमीन."

तीन दिवस सगळे बाहेर झोपलो.
गड्ड्याची जत्रा आली आणि गेली,
ठिपके अजून तसेच.
खिडकीखालचा रंग तेवढा उडाला,
गोलच्या गोल.
डब्यात तळाला थोडा शिल्लक आहे.
झाकण घट्ट बसलंय.
उघडीन कधीतरी.