फेब्रुवारी

शिरगणतीचा पोरगा आला
तेव्हा मी पत्र्यावर अंजिरं पसरत होते.
नाव? सिएना फेब्रुवारी.
त्याने तारखेचा रकाना उघडला.
अरे, आडनाव आहे ते. म्हणजे तारीखच,
पण जुनी.

केपच्या धक्क्यावर कुणी एक जहाजातून उतरवला गेला,
कारकुनाला त्याचं नाव म्हणता येईना,
किंवा ऊन फार होतं, त्याला घरी जायचं होतं.
भिंतीवर कॅलेंडर.
चार दिवस वारा पडला असता
तर आम्ही मार्च.
खालच्या आळीत एप्रिल राहतात,
बहीण सप्टेंबरांकडे दिलीय,
अर्धं वर्ष आमचं सोयरं.

मग तो म्हणाला, वंश?
चार चौकोन, आणि पाचवा 'इतर'.

बिस्किटांच्या डब्यात दोन कार्डं आहेत.
एकाच आईची.
साहेबाने आम्हाला एका बाकावर बसवलं,
बैल पारखावा तशी नखांची मुळं पाहिली.
मी मिश्र. ओकर्ट गोरा.
ओकर्ट रुळांपलीकडे राहायला गेला.
आई गेली त्या दिवशी
रस्त्याच्या त्या बाजूला उभा होता,
टोपी हातात.
मढं दिसलं की अनोळखी माणूसही टोपी काढतो,
त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

नात रोशेलने बाटलीत थुंकी भरून परदेशी पाठवली.
वाणसामानासारखी यादी आली:
बंगाल इतके टक्के, मादागास्कर इतके,
हॉलंड, खोईखोई, चिमूटभर कुठलंसं बेट.
म्हटलं, यात घोरणारे किती टक्के?
ती चिडली. रात्री मात्र
यादी उशाखाली घेऊन झोपली.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी एकदा गेले होते डोंगरात, बघायला.
नुसती ओल लागली हाताला.

पोरगा घामाघूम झाला होता. पाणी दिलं.
पुढचा प्रश्न त्याने वाचून दाखवला:
काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?
हा प्रश्न मला पटला.
मी, रोशेल,
आणि पडवीत ओकर्टचा नातू.
काल संध्याकाळी फाटकापाशी उभा होता,
आत येऊ का विचारत, तीनदा.
अंजीर कसं सोलतात तेही ठाऊक नाही त्याला.

त्याच्यापुढे कुठली खूण करू, आजी?

उठला की त्यालाच विचार.
आत्ता नको.
फार लांबून आलाय.