पाच दिवसांची टेकडी

काबीमासला, सरोवराकाठी, जिथे पाण्यावर तेलाची साय धरते,
नेलित्सा दहा वर्षं शाळेत नफा-तोटा शिकवत होती.
आता ती खेकडे मारते.

खरे नव्हेत. पडद्यावरचे, मिठाच्या बेटावरचे,
निळसर, आडवे पळणारे. एकाला सहा फटके.
मेला की कवच पडतं. कधी पडतही नाही.
कवचं ती बाजारात मांडते;
तो बाजार कुठल्याच गावात भरत नाही
आणि त्याला सुट्टीचा वार नाही.
घेणारे लांबचे. ओस्लोचा एक पोरगा, बुसानची कुणी,
ज्यांना चिलखत हवं असतं
आणि सहा फटके मारायला वेळ नसतो.

तिची एक वही आहे, शाळेतली, उरलेली.
डावीकडे कवचाचा भाव, उजवीकडे मक्याच्या पिठाचा.
डावा आकडा भटकतो, पण रात्री घरी येतो.
उजवा गेला तो गेलाच.
सरकारनं नोटांवरची शून्यं पुसून टाकली,
ती मुंग्यांसारखी परत रांगेनं आली.
"यातलं खोटं नाणं कुठलं?" भाऊ विचारायचा,
चिलीला जाण्याआधी, बूट बांधता बांधता.
तिनं उत्तर दिलं नव्हतं. बाईंनी
मुलांना उत्तर शोधू द्यायचं असतं.

मग एका गुरुवारी, पाचला दहा कमी असताना,
फ्रीजनं घुमणं थांबवलं.
पहिल्या रात्री सगळे हसले.
दुसऱ्या दिवशी गल्लीत चूल मांडून
सगळ्यांचं मटण एकाच पातेल्यात उकळलं, नासण्याआधी.
तिसऱ्या दिवशी समोरचा नेरियो बर्फ शोधायला गेला
आणि ओला, रिकामा पोता घेऊन आला.
चौथ्या दिवशी कुणी बोलत नव्हतं.
वारा घालायला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर बिस्किटाचं चित्र.

तिकडे मिठाच्या बेटावर
खेकडे पहिल्यांदाच म्हातारे झाले.

चाळीसचं कवच पंचावन्नला गेलं,
नव्वदला, दीडशेला, दोनशे दहाला.
ओस्लोच्या पोराला वाटलं, कुणीतरी साठा करतंय,
कुणी शेठ बसलाय कवचांच्या ढिगावर.
त्यानं शिव्या घातल्या आणि विकत घेतलं.
साठा होता खरा: तिच्या पेटीत
तीनशे चाळीस कवचं, काळ्या काचेच्या आत.

सहाव्या रात्री दोनला पंखा फिरला.
गल्ली ओरडली, भांडी वाजली,
आणि मग एकदम शांत.
सगळी गल्ली बेटावर पोचली होती.
सगळं गाव पोचलं होतं. म्हातारे खेकडे
पंधरा मिनिटांत संपले.
पहाटे चारला भाव एकतीस.

भावाचे अकरा निरोप एकदम येऊन पडले:
नव्वद झाला, ताई. विकून टाक.
दीडशे! कुठे आहेस?
दोनशे दहा!! अगं झोपलीस की काय?
शेवटचा बारीकसा: जिवंत आहेस ना?
तिनं तेवढ्याच एकाला उत्तर दिलं.

मग आलेख उघडला. सपाट रेघ,
मधेच टेकडी, पुन्हा सपाट रेघ.
वर्गात असती तर खडूनं काढली असती:
पुरवठा घटला, मुलांनो, भाव वधारला.
कोण घटलं, असं कुठल्या मुलानं विचारलं असतं?
आम्ही, ती म्हणाली असती. आम्ही नव्हतो,
म्हणून आमच्या कष्टाला भाव होता.
आता आहोत, तर एकतीस.
आणि तो पाच दिवसांचा भाव खाल्ला कुणी,
ते पुस्तकात दिलेलं नाही.

सवयीनं तिनं गुणाकार केला:
एकाहत्तर हजार चारशे मोहरा,
म्हणजे तीन महिन्यांचं पीठ, थोडी साखर.
आकडा खोडला. इतका खोडला की मागच्या पानावर उमटला.
वहीत पाच ओळी कोऱ्या सोडल्या, दोन्ही बाजूंना,
आणि खाली लिहिलं: ३१.

उजेडलं. शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू आहे,
उगाच, चालतो म्हणून.
ती एका खेकड्यामागे धावते. चार, पाच, सहा.
तो मरत नाही.
सात.
दिव्यांविना गेलेल्या त्या दिवसांत
कुणीतरी कुठेतरी बसून नियम बदलला असणार.
ती वहीच्या समासात टिपून ठेवते.