माझी बाजू

मारेतने ती आणली ऑक्टोबरच्या शेवटी,
बटाट्याच्या गोणीत, लोकरीच्या चार गुंड्यांसकट:
हेल्गीने विणलेला तळ, मागची अख्खी बाजू,
आणि पुढचीची पहिली ओळ.
क्रोशाची सुई अजून टाक्यात अडकलेली.
"मावशी, आईचं एवढंच अर्धं राहिलंय," म्हणाली,
आणि हीउमाहून सुटणारी शेवटची फेरी चुकेल म्हणून
चहा न घेताच गेली.

एकोणीस वर्षं आम्ही बहिणी बोललो नव्हतो.
कारण विचाराल तर कुंपणाचा एक खांब.
जुनिपरच्या झुडपाच्या अलीकडे, की पलीकडे.
आता झुडूप नाही, मेंढ्या नाहीत,
खांब तेवढा आहे.

हेल्गीचा हात लहानपणापासून घट्ट.
तिच्या टाक्यात शिरायचं तर
सुईला आधी परवानगी मागावी लागे.
माझी वीण सैल. आई म्हणायची,
लाइनेच्या मोज्यातून मासे निसटतील.
दोन ओळी तिच्यासारख्या ओढून पाहिल्या,
मनगट दुखलं. उरलेली बाजू
माझ्याच हाताने विणली.

मग कडेला कड लावून, आतून, त्याच लोकरीने शिवली.
तिचा एक टाका, माझा एक टाका,
आणि शेवटी माझे बारा कमी पडले.
उसवलं. तिचे दोन आणि माझा एक असं
अधूनमधून घेत बारा जिरवले.
पिशवी एवढी झाली की आत कोकरू झोपावं,
पट्टा गुडघ्याखाली.
मोठीच करावी लागते. पाणी आपला वाटा घेतं.

शनिवारी सौना तापवला.
बादलीत कढत पाणी, साबणाचा किस.
रगडायचं, पिळायचं, थंड पाण्यात आपटायचं,
परत कढत. कोपरापर्यंत हात लाल.
सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात,
इथे उलटंच:
लोकर शाबूत, पीळ गेला.
टाके एकेक करून बुजले, नमदा झाला,
तिचा कुठला, माझा कुठला
बोटांनाही सांगता येईना.

बाकावर पसरली तेव्हा दिसलं,
एक बाजू तीन बोटं आखूड.
माझी.

मला वाटलं होतं, आखडेल ती हेल्गी.
पण सैल विणीत धाग्यांना हलायला जागा असते.
ते हलतात, गुंततात, एकमेकांत घुसतात
आणि बघता बघता आक्रसतात.
घट्ट वीण जिथे असते तिथेच राहते.
मला हे माहीत होतं. साठ वर्षं विणतेय.
तरी बसून राहिले तशीच, उघडी, घामाघूम,
भट्टीतले दगड निवेपर्यंत.

ओली असते तोवरच लोकर ऐकते.
घाईने पावाचा पत्र्याचा डबा आत घातला,
कोपरे आतून अंगठ्याने ढकलून काढले,
माझी बाजू दोन्ही हातांनी वर ओढली,
काठाला कपड्यांचे चिमटे लावले.
थापटलं, ओढलं, परत थापटलं.
दोन बोटं मिळाली.
तिसरं काही देईना.

वाळायला पाच दिवस लागले,
साडेतीनलाच अंधार होतो आता.
सहाव्या दिवशी पट्टा शिवला, लाकडी बटण लावलं.
आखूड बाजू पुढे ठेवली,
हात पटकन आत जातो.

पहिल्यांदा तिच्यात हातोडा घातला, पहार घेतली खांद्यावर,
आणि कुंपणाकडे गेले.
जमीन दगडासारखी गोठलेली.
खांब हलला नाही.
पिशवी तेवढा वेळ त्यालाच अडकवली होती.

एप्रिलात बघू.