कुरणाचं नाव

जमिनीच्या दाखल्यावर, जागेच्या रकान्यात
निळ्या शाईनं लिहिलंय : काझलीचायर.
कलहंसांचं कुरण.
सेफेर बासष्ट वर्षांचा झाला,
एक कलहंस त्यानं इथे पाहिला नाही.
कापूस पाहिला, संत्री पाहिली,
आणि बांधाला लागून कुचुक मेंदेरेस,
कारखान्यांचं पाणी पोटात घेऊन
काळी, फेसाळ, आपल्याच घाईत.

त्याचं स्वतःचंही तसंच.
सेफेर म्हणजे सफर.
सैन्यातलं दीड वर्ष सोडलं तर
तिरेच्या मंगळवारच्या बाजारापलीकडे
तो गेलेला नाही.

पण या कुरणाला आधी दुसरंच नाव होतं, म्हणतात.
अर्थ एवढाच :
ओली जमीन, लव्हाळे, उतरणारे पक्षी.
हाक मारली तर पलीकडच्या काठाला ऐकू जाईल
एवढंच ते नाव होतं.

त्याही आधी, हित्ती लोकांच्या मातीच्या पाट्यांवर
तसलंच काही कोरलेलं आहे म्हणे,
राजाविरुद्ध एक झालेल्या मुलखांचं नाव.
दुसरे म्हणतात, छे, नुसता कानाचा भास.
पाटी काही बोलत नाही.

मग बंदर भरभराटलं.
आमच्या मराठीत नाव म्हणजे नाव
आणि नाव म्हणजे होडीसुद्धा.
इथल्या धक्क्यावरून दोन्ही सुटली.
होड्या परतल्या, निदान काही.

रोमच्या कारकुनानं ते वसुलीच्या वहीत चढवलं,
तेव्हा त्याचा अर्थ झाला :
इथून तिथवरचे सगळे, जे आमचं देणं लागतात.
पुढे नकाशेवाले आले.
पूर्व कुठे संपते त्यांना ठाऊक नव्हतं.
पोळीला तूप पुरेना की बोटानं ओढत न्यावं
तसं त्यांनी ते नाव ओढत नेलं,
डोंगरांवरून, वाळूवरून, बर्फावरून,
ज्यांनी ते कधी ऐकलंही नव्हतं
त्यांच्या अंगणांवरून.
तुमच्या-माझ्याही.
आपण त्याला आशिया म्हणतो
आणि शाळेत त्याच्या हद्दी पाठ करतो.

घरी उरलेल्या तुकड्याला मात्र
त्यांनी 'छोटा' असं विशेषण लावलं.
लेकी मोठ्या झाल्या म्हणून
आईला धाकटी म्हणावं, तसं.

नदीनं आपलं काम सोडलं नाही.
गाळ आणत राहिली, बंदर बुजवलं,
समुद्राला दोन कोस मागे रेटलं.
संगमरवरी धक्क्याला आता बेडूक लागतात.
मधल्या काळात नावं ठेवणारे पुष्कळ येऊन गेले,
दोन्ही अर्थांनी.

सेफेरला यातलं काही माहीत नाही.
त्याला पंपाचा पट्टा बदलायचा आहे.
एप्रिल आहे, सेल्चुकच्या पडक्या जलसेतूच्या खांबांवर
करकोचे चोची वाजवतायत,
आणि सुट्टीला नात आली आहे.

तिचं नाव त्याच्या सुनेनं, गुलीझारनं,
टीव्हीवरच्या एका मालिकेतून उचललं.
नायिका शेवटच्या भागात मरते
हे तिला बारशानंतर कळलं.
सेफेरला आपल्या आईचं नाव हवं होतं.
दोन महिने तो बोलला नाही.
मग पोरीनं त्याचं बोट धरलं, आणि ते राहूनच गेलं.

आता दुपार. त्यानं कापडावर पाव मांडलाय,
चीज, ऑलिव्ह, कांद्याची पात.
पोर बेडकामागे लव्हाळ्यात शिरली आहे.
तो उभा राहतो, तळवे तोंडाशी धरतो :

आस्या!

एक बगळा उठतो.

आस्याऽऽ!

म्हणजे सबंध पृथ्वीवर
फक्त ती, गुडघाभर चिखलातली,
जेवायला ये.

पलीकडच्या काठावर ट्रॅक्टर थांबवून
कुणीतरी वळून पाहतं.

ती येत नाही.
तिची एक चप्पल गाळात रुतली आहे
आणि ती सोडून यायची तिची तयारी नाही.