पावतीच्या मागे

किंमत चौऱ्याऐंशी हजार. वाहतूक वेगळी.
हे मी लिहिलं फातर्प्याच्या जत्रेतल्या
जागेच्या पावतीमागे,
कारण माशेलच्या घरात कोरा कागद
फक्त मुलीच्या वहीत,
आणि तिची परीक्षा चाललीय.

त्याखाली: हप्ता एकतीसशे, बारा महिने.
जत्रा मात्र सहाच महिने.
पावसाळ्यात खाजं मऊ पडतं,
यंत्र ताडपत्रीखाली झोपेल,
हप्त्याला झोप नाही.

उजव्या बाजूला: दिवसाला चाळीस किलो.
आज आम्ही करतो चौदा,
तेही येसू आली तर.
अकरा वर्षं पितळी सोऱ्या दाबून
येसूचा खांदा
आता कळशी उचलतानाही वाजतो.
हा खांदा कुठल्या बाजूला मांडायचा?
यंत्र आलं तर तो सुटतो.
यंत्र आलं तर येसूही सुटते.
(तिला विचारलं. म्हणाली,
"बटण दाबायला माणूस लागतंच गे.")

बेळगावचे हत्तरकी यंत्र दाखवायला आले
म्हार्दोळच्या एका गोदामात.
पीठ माझं, गूळ माझा, आलं माझं.
शेव उतरली एका मापाची,
काचेच्या बांगडीसारखी तुळतुळीत.
तळली. पाकात घोळवली.
गूळ घसरून परातीच्या तळाशी.
खाजं उघडंनागडं.

"पाक कच्चा असेल," हत्तरकी म्हणाले.
माझा पाक!

रात्री सोऱ्याची चकती दिव्यासमोर धरली.
भोकांच्या कडा खरबरीत,
सासऱ्यांनी कधीतरी कानशीने घासलेल्या.
मी इतकी वर्षं त्याला गंज समजत होते,
चिंच लावून काढू बघत होते.
शेव तिथून जराशी ओरबाडत बाहेर येते
आणि ओरखड्यांत गूळ बसतो.
हा नफा
मी कुठेच लिहिलेला नव्हता.

पावतीवर जागा उरली नव्हती.
कडेला, आडवं, बारीक अक्षरात:
चकती सुटी मिळेल का? आम्ही घासून घेऊ.
पंधरा हजार कमी करा.
आणि अगदी कोपऱ्यात, माझ्यापुरतं:
येसूचा पगार तोच.

हत्तरकी म्हणाले, मालकांना विचारून फोन करतो.
आज अकरावा दिवस.
शिरोड्याची जत्रा नऊ दिवसांवर.
येसू दाबतेय, खांदा वाजतोय,
मी बोटांत पाकाची तार ताणून बघतेय
आणि फोन
पिठाच्या डब्यावर उताणा.