घडीचा चाकू

रशीदमामूनं गल्ल्यावर तीन मांडले.
एक चकचकीत, बटन दाबलं की फटकन उघडणारा.
म्हणलं, ह्याला खिशात कसं कळावं
बटन बोटानं दाबलं का मांडीनं?
दुसरा जड. लेंगा ओढतो.
तिसरा हा. शिसवी मूठ, पितळी रिबीट,
पात्याला नखापुरती खाच.
कानाशी धरून उघडला.
टक्.
तेवढ्या आवाजावर घेतला.

बारा वर्षं झाली.
बदनापूरपासून घनसावंगीपर्यंत
मोसंबीचे डोळे भरले ह्यानं,
किती, ते बागांना विचारा.
ठिबकची नळी, गोणीची शिवण,
एकदा एसटीत एका लेकराचा
कमरेला रुतलेला करदोडा.
धार गेली की दगड, थोडं पाणी, घाई नको.
पातं झिजून निम्मं झालंय,
बोलणं कमी केलेल्या माणसासारखं.

परवा घाटीत साडूला बघायला गेलो.
गेटवरच्या पोरानं खिसा चाचपला.
"चाकू?"
"कलमाचा हाय."
"ठेवा हितं."
वहीत लिहिलं त्यानं : हत्यार, एक.

वर साडू म्हणला, मोसंबी कापा की.
हात सवयीनं खिशात गेला
अन् तसाच बाहेर आला.
नखानं सोलली. रस कोपरापर्यंत.
साडू हसला, टाके धरून.

खाली आलो. उघडून बघितला.
टक्.
पोरगं जरा मागं सरलं.
त्याच्या बाहीचा दोरा लोंबत होता,
तो कापून दिला.
वहीतलं खोडलं का नाही त्यानं,
ते काही बघितलं नाही.